१९ वर्षे, दोन पाने

भोसरीतल्या ज्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी १९ वर्षे काढली, तो कारखाना गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यात गेला आणि जाताना मला बरोबर न्यायला विसरला. (विसरला म्हणतो, तो माझा सभ्यपणा, प्रत्यक्षात रीतसर यादी करून विसरले होते.) वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सीव्ही करणे आले, म्हणून मी जुना शोधू लागलो, तेव्हा २००६ सालचा तो कागद लग्नाच्या अल्बममध्ये सापडला. तो तिथे कसा गेला, हे वाचल्यावर लक्षात आले. त्या वर्षी मी नोकरी आणि मुलगी एकाच वेळी शोधत होतो आणि सायबर कॅफेवाल्याने एकाच फाइलवरून दोन्ही बायोडाटा काढून दिले होते. त्यामुळे नोकरीच्या अर्जात माझी उंची, निमगोरा वर्ण, अंत्य नाडी, देवक आणि मामांचे गाव नमूद झाले होते, तर सासऱ्यांकडे गेलेल्या प्रतीत ‘टॅली येते’ आणि ‘तिन्ही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी आहे’ असे होते. दोन्हीकडे माझी निवड झाली.

माझी पुतणी एका कंपनीत एचआरला आहे. तिने तो कागद दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, “काका, आता हे असे चालत नाही.” मग तिने एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. फोटो गेला, वडिलांचे पूर्ण नाव गेले, जन्मतारीख गेली, वैवाहिक स्थितीही गेली. शेवटी ‘वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हे वाक्यही तिने खोडले, तेव्हा मात्र मला वाईट वाटले. पुढे ती जे लिहू लागली ते पाहिल्यावर ते वाक्य आधीच काढण्यातली तिची दूरदृष्टी माझ्या ध्यानात आली.

“तुम्ही नक्की काय करायचात?” तिने विचारले. मी सांगितले, की आम्ही आलेला माल मोजून घेत होतो, बिन कार्डावर, म्हणजे त्या त्या मालाच्या नोंदपत्रकावर, चढवत होतो आणि मागणी आली की सही घेऊन देत होतो. तिने लिहिले, की मी पुरवठा साखळीतील प्रक्रियांचे नेतृत्व केले. मूळ इंग्रजीत तिने ‘स्पिअरहेडेड’ असा शब्द योजला होता. स्पिअरहेड म्हणजे भाल्याचे टोक. १९ वर्षांत मी स्टोअर्समध्ये लांब दांड्याचे हत्यार एकदाच उचलले होते, तेही पॅकिंगच्या खोक्यांत शिरलेल्या घुशीवर, आणि तो झाडू होता.

अडचण भाषेची नव्हती, वळणाची होती. आमच्या आजोबांनी लहानपणी दासबोधातली मूर्खलक्षणे पाठ करून घेतली होती. त्यांत आपली आपण स्तुती करणारा मूर्खांत बसतोच, पण त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणारा आणि स्वदेशात राहून विपत्ती भोगणाराही बसतो. म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाने स्वतःविषयी बोलू नये, घराण्याविषयी बोलू नये आणि इथे तर मुळीच राहू नये. एवढ्या संस्कारांनंतर ‘मी केले’ असे लिहायला हात धजत नव्हता. पुतणी प्रत्येक ‘आम्ही’ खोडून ‘मी’ करी आणि ती पाणी प्यायला उठली की मी तो हळूच पूर्ववत करी.

सीव्ही सजवण्याच्या हौसेने मी त्याला दोन रकाने पाडले होते; डावीकडे छंद आणि उजवीकडे अनुभव. हल्ली पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी संगणक वाचतो आणि रकाने, तक्ते, चौकटी दिसल्या की त्याचा गोंधळ उडू शकतो, असे पुतणीने सांगितले. खात्री पटावी म्हणून तिने माझ्या पीडीएफमधला सगळा मजकूर उचलून नोटपॅडमध्ये टाकला. तिथे मी असा अवतरलो: ‘वाचन डेड स्टॉकवर नियंत्रण, बागकाम फोर्कलिफ्टची देखभाल, जुनी नाट्यगीते वार्षिक स्टॉक टेकिंग.’ शिवाय जाहिरातीत जे शब्द असतील तेच अर्जात हवेत. जाहिरातीत ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंट’ असताना मी ‘स्टोअर्स’ लिहून बसलो, तर संगणकाच्या दृष्टीने मी १९ वर्षे दुकानदार होतो.

त्या दिवसांत मला लिओनार्दो दा विंचीने मोठा धीर दिला. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानचा कारभार चालवणाऱ्या लुडोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिले. त्यात उचलून नेता येतील असे पूल, तोफा, झाकलेले रणगाडे अशी युद्धोपयोगी कौशल्ये त्याने क्रमाने मांडली आणि चित्रकला पार शेवटाकडे उल्लेखिली, कारण समोरच्याला गरज कशाची आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. लुडोविकोच्या वडिलांच्या स्मारकासाठी ब्राँझचा घोडा करण्याची तयारीही त्याने त्याच पत्रात दाखवली होती. पुढे घोड्याचा मातीचा भव्य नमुना तयार झाला, पण १४९४ साली त्यासाठी ठेवलेले ब्राँझ तोफांसाठी दिले गेले आणि घोडा काही ओतला गेला नाही. एका कामासाठी राखून ठेवलेला माल वरच्या साहेबाच्या तोंडी हुकुमावरून दुसऱ्या विभागाने उचलणे, हे स्टोअर्सच्या माणसाला नवे नाही. त्या ब्राँझच्या स्लिपवर कोणाची सही होती, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

मग मुलाखतीची तालीम सुरू झाली. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातल्या माझ्या जन्मापासून सुरुवात केली; दहावीपर्यंत आलो तेव्हा पुतणीने घड्याळ दाखवले. उत्तर परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि निष्पत्ती अशा चार टप्प्यांत दोन मिनिटांत द्यायचे असते म्हणे. माझी परिस्थितीच अकरा मिनिटे चाले. “तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?” या प्रश्नावर मी विचार करत असताना स्वयंपाकघरातून बायकोने न विचारता सात सांगितले आणि “अहो, अजून आहेत, पण कुकर लावते आधी,” असेही कळवले.

सीव्हीतले माझे सर्वांत झळझळीत वाक्य पुतणीने असे केले होते: ‘सखोल तपासणीद्वारे तीन वर्षे गहाळ असलेल्या १ लाख १२ हजार रुपयांच्या मालाचा शोध लावला.’ एकही आकडा खोटा नव्हता. मुलाखत व्हिडिओवर झाली. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला यावा म्हणून लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवला होता आणि पुतणी डब्यामागे पाटावर बसली होती. समोरच्या बाई मराठी निघाल्या, त्यांनी नेमके तेच वाक्य निवडले आणि विचारले, “माल सापडला कुठे?”

मला खोटे सुचत नाही असे नाही, पण वेळेवर सुचत नाही. मी सांगितले, की ते बेअरिंगचे खोके होते आणि माझ्याच टेबलाच्या आखूड पायाखाली होते. टेबल डुगडुगायचे म्हणून कोणीतरी ते तात्पुरते सरकवले होते आणि तीन वर्षे त्याच टेबलावर बसून मी ते गहाळ असल्याचे अहवाल लिहीत होतो.

बाई बराच वेळ हसत होत्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारले, “आणि खोके काढल्यावर टेबलाचे काय केलेत?”

“आम्ही विटेचा तुकडा लावला,” मी म्हणालो.

“आम्ही म्हणजे कोण?”

डब्यामागे पुतणीने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.