परलोक म्हणजे भित्र्यांची सोय?

"माणूस मरणाला घाबरला आणि त्या भीतीवर गोळी म्हणून त्याने परलोक शोधून काढला. म्हणून तर प्रत्येक धर्मात मेल्यानंतर सुखाची हमी असते. या गोळीच्या अंमलाखाली श्रद्धाळू माणूस निवांत मरतो. पुरोहितांनी लहानपणापासून डोक्यात भरवलं नसतं तर ही कल्पना कुणाला सुचलीही नसती. आणि भीतीतून जन्मलेली गोष्ट खोटीच असणार."

हा मजकूर या ना त्या शब्दांत कधीचा फिरतोय, आणि तो पुढे पाठवणारे बरेच जण माझ्याच गोटातले आहेत. मीही परलोक मानत नाही. मेल्यावर माझं काही शिल्लक राहील असं समजायला मला कारण दिसत नाही. म्हणूनच या मजकुराचा जास्त राग येतो. निष्कर्ष आपल्या सोयीचा आहे म्हटल्यावर आतलं एकेक वाक्य कुणी तपासलेलंच नाही.

दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते तपासायला सर्वांत सोपं आहे: प्रत्येक धर्मात सुखाची हमी. मेसोपोटेमियातल्या गिल्गमेशाच्या महाकाव्यात त्याचा मित्र एन्किडू याला मरणापूर्वी स्वप्नात पाताळ दिसतं. ते अंधाराचं घर आहे, आत गेलेला परत येत नाही. तिथल्या रहिवाशांचं अन्न म्हणजे धूळ आणि माती, अंगावर पक्ष्यांसारखी पिसं, आणि एकेकाळच्या राजांचे मुकुट नुसते ढीग लावून ठेवलेले. राजा असो की पुजारी, मुक्काम तोच. ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी'त मेलेला वीर अकिलीस याची छाया सांगते की सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा वर जिवंतपणी एखाद्या दरिद्री माणसाच्या शेतावर मजुरी केलेली परवडली. प्राचीन हिब्रू लोकांचं पाताळ, शिओल, याच जातीचं. सज्जन आणि दुर्जन दोघंही तिथेच जातात, आणि तिथे देवाचीही आठवण उरत नाही. बायबलातला स्तोत्रकर्ता तर देवाशी चक्क व्यवहाराची भाषा बोलतो: मला मरू दिलंस तर शिओलमधून तुझी स्तुती कोण करणार? मेलेले पुन्हा उठतील हे हिब्रू बायबलात स्पष्टपणे येतं ते दानिएलच्या पुस्तकात, आणि अभ्यासक त्या भागाचा काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक धरतात. म्हणजे त्याआधीची कित्येक शतकं हे लोक कडवे देवभक्त होते, आणि मेल्यानंतर चांगलं काही मिळेल याचा त्यांच्या ग्रंथांत जवळजवळ पत्ताच नाही. भीती आली, म्हणून धर्म आला, म्हणून स्वर्ग आला, हा क्रम इथे बसवून दाखवावा.

यावर कुणी इजिप्तकडे बोट दाखवील. तिथे परलोकात पिकलेली शेतं आहेत, हे खरं. पण तिथवर पोचायचं तर हृदय सत्याच्या पिसाशी तोललं जातं. ते जड भरलं तर अम्मित नावाची मगरतोंडी राक्षसीण ते गिळते, आणि मग माणूस कायमचा संपतो. 'मृतांचं पुस्तक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात कशाकशासाठी मंत्र आहेत बघा: परलोकात डोकं खाली पाय वर करून चालावं लागू नये, विष्ठा खायची वेळ येऊ नये, आपल्याच हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, तिथे पुन्हा मरण येऊ नये. यातली एकही भीती परलोक नसता तर कुणाला वाटली असती का?

आपल्याकडचा प्रवास तर या मजकुराला साफ उलटा जातो. ऋग्वेदातल्या प्रार्थना प्रामुख्याने इथलंच आयुष्य मागतात, शंभर शरद ऋतूंचं. मग ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे यज्ञविधींचं विवरण करणाऱ्या वैदिक ग्रंथांत, एक नवी धास्ती शिरते: पुनर्मृत्यू. परलोकात गेल्यावर तिथलंही पुण्य संपलं आणि तिथेही मरण आलं तर? पुढे पुनर्जन्माची कल्पना रुजली, तीही दिलासा म्हणून नाही. पुन्हा जन्म मिळणार ही बातमी उपनिषदांनी, बुद्धाने आणि महावीराने आनंदाने दिलेली नाही. ते चक्र कसं थांबवायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. शिवाय नरक आहेतच, भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधात ते २८ मोजलेत. आणि या सगळ्यानंतर तुकोबा देवाला म्हणतात, मुक्ती नको, संपत्ती नको, 'गर्भवासीं सुखें घालावें आम्हांसी'. ज्या चक्रातून सुटायला मोठमोठे तपस्वी धडपडले, तेच हा माणूस संतसंगाच्या बदल्यात खुशाल मागून घेतो. भीतीच्या सिद्धांताला यातलं काय कळणार?

आता पहिलं वाक्य, भीतीवरच्या गोळीचं. मजकूर लिहिणाऱ्याला ते अगदी बंडखोर वाटत असावं, पण जुन्या काळच्या खऱ्या बंडखोरांनी याच्या उलट निदान केलं होतं. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०) आणि त्याचा रोमन अनुयायी ल्युक्रिशिअस यांच्या मते मेल्यानंतर काहीतरी घडणार या समजुतीनेच माणसाचं जगणं नासतं. त्यांचा उपाय होता नेमका तो समज काढून टाकणं: आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो. ज्या गोष्टीला आजचा नास्तिक गुंगीचं औषध म्हणतो, तिला तेव्हाचा नास्तिक आजार म्हणत होता. चार्वाकांचा आरोप आणखी तिसराच. 'सर्वदर्शनसंग्रह' या जुन्या ग्रंथात त्यांच्या नावावर जी वचनं आहेत, त्यांत अग्निहोत्र आणि वेद ही बुद्धी व पौरुष नसलेल्यांची उपजीविका ठरवली आहे. रोख पुरोहितांच्या पोटावर आहे, यजमानाच्या घाबरण्यावर नाही.

विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञांमध्येही हा वाद रंगला. विधी माणसाची चिंता हलकी करतात, असं मालिनोव्स्की मानत असे. रॅडक्लिफ-ब्राउनने १९३९मध्ये त्याला उलट प्रश्न केला: तो विधी आणि त्यामागची समजूत नसती, तर ती चिंता त्या माणसाला झालीच नसती, हे का शक्य नाही? माझं मत रॅडक्लिफ-ब्राउनकडे झुकतं, निदान परलोकाच्या बाबतीत तरी.

इथे एक पळवाट ठरलेली आहे. स्वर्ग दिलाशासाठी आणि नरक धाकासाठी, असं लगेच सांगितलं जातं. ठीक आहे. पण मग सुखद चित्र सापडलं की दिलासा, भीषण सापडलं की धाक, आणि शिओलसारखं कंटाळवाणं सापडलं की गप्प. काहीही सापडलं तरी जो सिद्धांत खरा ठरतो, त्याने काहीच समजावून सांगितलेलं नसतं.

"श्रद्धाळू माणूस निवांत मरतो." हे वाक्य गंमतीचं आहे, कारण ते श्रद्धाळूंनाही आवडतं. दोन्ही बाजू खुशीत, त्यामुळे तपासायला कुणी जात नाही. संशोधकांनी मात्र तपासलंय. २०१७मध्ये जोनाथन जोंग आणि सहकाऱ्यांनी मरणाची भीती आणि धार्मिकता यांवरच्या सुमारे १०० अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. अर्ध्याहून अधिक अभ्यासांत दोन्हींचा काहीच संबंध दिसला नव्हता. काहींत धार्मिक लोक कमी घाबरणारे निघाले, पण सुमारे १८ टक्के अभ्यासांत तेच जास्त घाबरणारे निघाले. ज्या थोड्या अभ्यासांनी मधल्या लोकांकडेही लक्ष दिलं, त्यांतल्या बहुतेकांत दोन्ही टोकं तुलनेने शांत आढळली, ठाम मानणारे आणि ठाम न मानणारे. धाकधूक मधल्यांना जास्त.

दुसरा अभ्यास २०१८चा, शॉन निकल्स आणि सहकाऱ्यांचा. 'मी' नावाची टिकाऊ वस्तूच नाही हे ज्यांना रोज शिकवलं जातं, ते तिबेटी बौद्ध भिक्षू मरणाला सर्वांत कमी भीत असतील, अशी संशोधकांची अपेक्षा होती. निघालं उलटंच. तुलना केलेल्या हिंदू, ख्रिस्ती आणि इतर गटांपेक्षा स्वतःच्या नष्ट होण्याची भीती भिक्षूंनीच जास्त नोंदवली. यावरून भिक्षूंना हसायचं कारण नाही. जो रोज मरणावर ध्यान करतो, त्याला ते आपल्यापेक्षा नीट दिसत असेल.

तिसरा दाखला रुग्णालयांतला. अमेरिकेत बळावलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांचा एक अभ्यास २००९मध्ये आला. आजाराला तोंड देताना धर्माचा आधार जास्त घेणाऱ्यांमध्ये अखेरच्या आठवड्यात कृत्रिम श्वसनयंत्रावर असण्याचं प्रमाण ११.३ टक्के होतं, कमी घेणाऱ्यांमध्ये ३.६ टक्के. याचा अर्थ ते जास्त घाबरलेले होते असं नाही. चमत्काराची आशा असेल, जीव देवाने दिलेला म्हणून शेवटपर्यंत राखायचा हेही असेल. पण 'स्वर्ग आहेच, मग निवांत निघूया' असं काही त्यांचं वागणं नव्हतं.

आकडे बाजूला ठेवले तरी १७७६ची एक भेट विसरता येत नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम मरणाच्या वाटेवर होता, हे त्यालाही माहीत होतं. लेखक जेम्स बॉस्वेल त्याला भेटायला गेला, या नास्तिकाचं अवसान आता तरी गळालंय का हे बघायला. ह्यूम हसतखेळत बोलला, परलोकाची कल्पना अवाजवी आहे म्हणाला. अस्वस्थ होऊन परतला तो श्रद्धावान बॉस्वेल. त्याच बॉस्वेलचा आदर्श इंग्रज साहित्यिक सॅम्युएल जॉन्सन, अत्यंत धर्मनिष्ठ माणूस, आयुष्यभर मरणाच्या नावाने कापत असे. १७८४मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षात, मेल्यावर आपण शापित ठरू अशी भीती त्याने बोलून दाखवली, तेव्हा कुणीतरी त्याला विचारलं की शापित ठरणं म्हणजे नेमकं काय. तो ओरडला की नरकात पाठवतील आणि कायमची शिक्षा देतील. गोळी घेतलेला यांतला कोण?

चौथं वाक्य, पुरोहितांनी शिकवल्याचं. यात थोडं तथ्य आहे. २००५मध्ये पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेझ यांनी स्पेनमधल्या मुलांना मरणाची गोष्ट सांगितली, एकदा डॉक्टर असलेली, एकदा धर्मगुरू असलेली. धर्मगुरूच्या गोष्टीनंतर 'मेल्यावरही काही चालू राहतं' असं मुलं जास्त म्हणाली, आणि मोठ्या मुलांमध्ये हे जास्त दिसलं. म्हणजे शिकवणुकीचा वाटा आहेच. पण सगळा नाही. त्याच्या आदल्याच वर्षी जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलंड यांनी मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला, त्यात मगर एका उंदराला खाऊन टाकते. लहान मुलांनाही कळलं की उंदीर आता वाढणार नाही. पण त्याचं अजून आईवर प्रेम आहे का, असं विचारलं की बरीच मुलं हो म्हणाली, आणि मोठ्या मुलांपेक्षा लहान मुलं जास्त. स्वतःच्या जाणिवेचं नसणं आतून कल्पून बघता येत नाही. झोपलोय, अंधार आहे, शांतता आहे, असं काहीही कल्पिलं तरी ते अनुभवणारा तिथे हजर असतोच. ही मनाची मर्यादा आहे. तिच्यासाठी भीती लागत नाही आणि पुरोहितही लागत नाही.

आणि या मजकुरात मला सर्वांत मोठी वाटणारी गफलत अशी की यातला प्रत्येक मरणारा माणूस 'मी' आहे. प्रत्यक्षात मरण आपल्याला आधी भेटतं ते दुसऱ्याचं. वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस, यांनी १९७१मध्ये २९३ विधवा आणि विधुरांच्या मुलाखतींचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवत होतं. काहींना तो दिसे, काहींना ऐकू येई, काही त्याच्याशी बोलत. हे वर्षानुवर्षं चाले, आणि बहुतेकांना त्याची मदतच होई. यातल्या बहुसंख्यांनी हे आधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. इथे स्वतःच्या मरणाची भीती कुठेच नाही. एका माणसाशी अर्धं आयुष्य बोलण्याची सवय आहे, आणि ती सवय अंत्यविधीच्या दिवशी थांबत नाही. परलोकाची कितीतरी चित्रं इथूनच आली असावीत असं मला वाटतं: मी कुठे जाईन यापेक्षा ती कुठे गेली, या प्रश्नातून. धर्म म्हणजे इच्छेतून आलेला भ्रम, असं १९२७मध्ये लिहिणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉइडनेच दोन वर्षांनी एका मित्राला पत्र लिहिलं. त्याची वारलेली मुलगी त्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती. अशा माणसाची जागा कशानेच भरत नाही, असं त्यात आहे. पत्रात परलोक नाही. पण मुलीला सोडून देणंही नाही.

शेवटचं वाक्य, भीतीतून जन्मलं म्हणून खोटं, हे तर्काच्या पहिल्याच पायरीवर पडतं. कल्पना कुठून आली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. परलोक न मानण्याची माझी कारणं वेगळी आहेत. भूल दिली की जाणीव जाते. मेंदूला इजा झाली की स्वभाव पालटतो. स्मृतिभ्रंशात माणूस आपल्या डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्याने कमी होत जातो. मेंदू थोडा बिघडला की माणूस थोडा हरवतो, तर मेंदू पूर्ण थांबल्यावर तो पूर्ण शाबूत कसा राहील? यावर श्रद्धाळूंचं उत्तर आहे की मेंदू हे फक्त वाद्य, वाजवणारा वेगळा. ते मला पटत नाही, पण तो प्रतिवाद आहे आणि त्याला प्रतिवाद म्हणूनच भिडावं लागतं. प्लेटोच्या 'फिडो' या संवादात विषप्राशनाच्या दिवशी सॉक्रेटिससमोर हाच वाद चालतो. आपल्या आत एक मूल आहे आणि ते मरणाला भितं, हे तिथे सॉक्रेटिसचा सोबती केबीस हसत कबूल करतो. त्याने वाद मिटत नाही. दुसरा सोबती सिम्मियास याची खरी हरकत त्यानंतर येते: शरीर वाद्य आणि आत्मा त्याचा सूर असेल, तर वाद्य मोडल्यावर सूर कुठे उरतो?