बिघडलेली मिनिएचर फेकू नका, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तर मुळीच बुडवू नका

टेबलवर मांडून खेळायच्या खेळांतल्या मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती (थोडक्यात ‘मिनी’), रंगवायला नव्याने लागलेल्यांना एक मजकूर सध्या पुढे पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बिघडलेला रंग नेलपॉलिश रिमूव्हरने काढा, नाही निघाला तर मिनी टाकून नवी घ्या, रंगात भरपूर पाणी घाला, डोळे रंगवायला सगळ्यात बारीक ब्रश घ्या, आणि वार्निश पांढरं पडलं तर आता काही होणार नाही. मी शाळकरी मुलांना हे काम शिकवतो. पहिला सल्ला ऐकून एका मुलाने आणलेला मिनीचा गोळा पाहिल्यापासून हे लिहायचं मनात होतं.

त्या रिमूव्हरपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. वॉरहॅमर या खेळाच्या आजच्या बहुतेक मिनी पॉलिस्टायरिन प्लास्टिकच्या असतात. रिमूव्हरमध्ये सहसा ॲसिटोन असतं, आणि ॲसिटोन पॉलिस्टायरिनला विरघळवतं. आधी चेहऱ्याचा उठाव जातो, मग बोटं चिकटतात, मग तलवार वाकते. ‘ॲसिटोन-फ्री’ बाटलीवरही भरवसा नको. तिच्यात बऱ्याचदा इथाइल ॲसिटेट असतं आणि तेही याच प्लास्टिकला खातं. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर तर नकोच. मॉडेलचा प्लास्टिक ग्लूसुद्धा दोन कडा किंचित विरघळवूनच जोडतो, मग अख्खी मिनी द्रावकात बुडवल्यावर काय उरणार? धातूच्या मिनीला ॲसिटोन चालतं हे खरं, पण सुपरग्लूने जोडलेले हातपाय त्यात सुटून येतात. मजकुरात प्लास्टिक, रेझिन, धातू असा काही भेदच केलेला नाही.

‘नाही निघाला तर टाकून द्या’ हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. बाहेरून मागवलेली एकेक मिनी इथे किती महाग पडते, हे मुलांच्या आईवडिलांना विचारा. जाड थराखाली बुजलेली प्लास्टिकची मिनी जवळजवळ नेहमी वाचते. रंग काढायला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळतं. झाकणाच्या काचेच्या बरणीत मिनी त्यात काही तास बुडवून ठेवा, जुन्या मऊ टूथब्रशने घासा, भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. खाचांत थोडा रंग राहिला तरी चालतो, त्यावर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) नीट बसतो. रेझिनची मिनी मात्र जास्त वेळ ठेवू नका, ती मऊ पडू शकते. दर थोड्या वेळाने काढून बघा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा निरांजन नको, कारण हे अल्कोहोल लगेच पेट घेतं.

बऱ्याचदा इतकंही करावं लागत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पोस्टर कलरने रंगवलेली मुलं समजतात की रंग नंतर कधीही ओल्या फडक्याने पुसता येतो. पोस्टर कलर सुकल्यावरही पाण्याने सुटतो, मिनीवरचा ॲक्रिलिक रंग सुकला की सुटत नाही. पण ओला असेपर्यंत, म्हणजे मिनिटाभरात, स्वच्छ ओल्या ब्रशने तो सहज उचलता येतो. म्हणून मी मुलांच्या हातात रंगाआधी एक कोरा ओला ब्रश देतो. सुकून गेलाच, तर त्या जागी मूळ रंगाचा पातळ हात द्या. चुकीचा डाग झाकणं हे या कामातलं रोजचंच आहे.

पाण्याच्या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे. बाटलीतून थेट लावलेला रंग जाडच बसतो, तो पातळ करायलाच हवा. पण ‘भरपूर पाणी’ घातलं की रंगाला धरून ठेवणारा ॲक्रिलिकचा अंश विरळ होतो. रंग उंचवट्यांवरून ओघळून खाचांत साचतो आणि सुकल्यावर डबक्यासारख्या कडा उमटतात. थेंब थेंब पाणी घाला आणि अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहा: पसरत असेल तर पाणी जास्त, ब्रशचे ओरखडे दिसत असतील तर कमी. खूप पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेला ॲक्रिलिकचा द्रव) वापरा. पहिला थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा देऊ नका, नाहीतर खालचा अर्धवट सुकलेला थर सोलून निघतो.

ब्रशचं म्हणाल, तर तीन शून्यांच्या (000), म्हणजे अगदी बारीक ब्रशमध्ये रंग मावतो इवलासा, आणि तो डोळ्यापर्यंत पोचेपर्यंत टोकावरच वाळतो. टोक नीट जुळणारा एक नंबरचा ब्रश घ्या. डोळे त्यानेही होतात.

आणि वार्निश. पावसाळ्यात मुंबई-कोकणात गॅलरीत उभं राहून मॅट (बिनचमकीच्या) वार्निशचा स्प्रे मारला की दमट हवेमुळे मिनीवर पांढरट धुकं बसतं, हे मी अनेकदा पाहिलंय. अशा वेळी कोरड्या दिवशी ब्रशने ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा एक पातळ हात द्या. बहुतेक वेळा ते पांढरेपण जातं आणि खालचे रंग परत दिसतात. ते पूर्ण सुकलं की त्यावर पुन्हा मॅट, पण या वेळी स्प्रे नको, तोही ब्रशनेच.