गाणं सुरू आहे, सेकंद पळून राहिले, आवाज कुठाय?

तीन रात्रींची झोप गेली आहे म्हणून लिहून राहिलो. पोस्ट लांब आहे, लिनक्सवाल्यांनी वाचा, बाकीच्यांनी तर्री पोहे खा.

झालं असं की बाबांचा रेडिओ बसला. दुरुस्तीवाला म्हणे याचा पार्ट आता मिळत नाही. बाबांना पहाटे साडेपाचला भूपाळी लागते म्हणजे लागते, त्याशिवाय चहा गोड लागत नाही. माझ्याकडे जुना डेस्कटॉप पडून होता, चौथ्या पिढीचा आयथ्री प्रोसेसरवाला, त्यावर डेबियन (लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टमचा, एक प्रकार) टाकलेलं, डेस्कटॉप-बिस्कटॉप काही नाही, नुसती काळी स्क्रीन. म्हटलं बाबांच्या नावानं एक यूझर बनवू, एमपीथ्री टाकू, क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रामला) सांगू रोज साडेपाचला एमपीजी१२३ हा प्लेअर चालव. दहा मिनिटांचं काम.

पहिल्या रात्री प्लेअर उघडलाच नाही, एररचा ढीग. म्हटलं एमपीथ्रीत लोचा असेल, म्हणून साधी वेव्ह फाइल घेऊन एप्ले या दुसऱ्या, साध्या प्लेअरला दिली, तर ते म्हणते 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अबे फाइल समोर आहे! पाथ तपासला, नाव बदललं, पेन ड्राइव्हमधून परत कॉपी केली, अर्धा तास यातच गेला. शेवटी कार्डांची यादी दाखवणारं एप्ले मायनस एल मारलं तेव्हा कळलं, या मशीनमध्ये दोन साउंड कार्ड आहेत, शून्य नंबरचं एचडीएमआयचं (मॉनिटरच्या केबलमधून आवाज नेणारं) आणि एक नंबरचं पीसीएच, म्हणजे मागच्या हिरव्या जॅकचं, जिथे माझे स्पीकर लागलेत. अल्साला, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या मूळ यंत्रणेला, काही सांगितलं नाही तर ते शून्य नंबरवालं धरते, आणि त्या एचडीएमआय कार्डावर शून्य नंबरचं डिव्हाइसच नाही, तिथे मोजणी तीनपासून सुरू. म्हणजे 'सापडली नाही' ते माझ्या फाइलबद्दल नव्हतंच, ते डिव्हाइसबद्दल होतं! मग हे सांगायला काय जात होतं? ईटीसी फोल्डरमधल्या एसाउंड डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकून डिफॉल्ट कार्ड एक केलं, एरर गेली.

आवाज मात्र नाही. आणि हा प्रकार तर जास्त वाईट. प्लेअर मस्त चालू, फाइलचं नाव दाखवते, बिटरेट दाखवते, सेकंद पळून राहिले, आणि स्पीकर ढिम्म. मले वाटलं हळू येत असेल, म्हणून कूलर बंद करून स्पीकरला कान लावून बसलो. मे महिन्यात. नागपुरात. ज्याला कळते त्याला कळते.

मग एका ग्रुपवर विचारलं. एक म्हणे रीइन्स्टॉल कर, दुसरा म्हणे पल्सऑडिओ (अल्साच्या वर बसून आवाज सांभाळणारा प्रोग्राम) टाक, तिसरा म्हणे पल्सऑडिओ काढ, चौथा म्हणे उबंटू हे दुसरं लिनक्स टाक. माझं स्पष्ट मत आहे की लिनक्सच्या आवाजाचा निम्मा त्रास सल्ल्यांनीच वाढवलाय. २००३ च्या शेवटी लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याचं २.६ आलं तेव्हा ओएसएस या जुन्या आवाज यंत्रणेच्या जागी अल्सा आलं, मग फेडोरा या आणखी एका लिनक्सनं २००७ मध्ये आणि उबंटूनं २००८ मध्ये पल्सऑडिओ डिफॉल्ट केलं, मग २०२१ मध्ये फेडोरा ३४ पासून पल्सच्या जागी पाइपवायर आलं, आणि या प्रत्येक काळातली उत्तरं नेटवर एकावर एक पडून आहेत, तारीख कोणी पाहत नाही. माझ्या मशीनवर पल्स नाही न पाइपवायर नाही, नुसतं अल्सा, पण हे कोणी विचारेल तर शपथ.

निघालं काय? आवाज कमी-जास्त करायचं अल्सामिक्सर उघडलं, एफ६ दाबून एक नंबरचं कार्ड निवडलं, तर मास्टर म्हणजे मुख्य आवाजाच्या पट्टीखाली 'एमएम' लिहिलेलं. म्हणजे म्यूट. एम दाबलं, 'ओओ' झालं, पण तरी नाही! तिथेच ऑटो-म्यूट नावाची एक गोष्ट होती न बाप्पा, समोरच्या जॅकमध्ये कधीचा एक तुटका हेडफोन खुपसलेला, तो दिसला म्हणून मागचे स्पीकर बंद. हेडफोन उपटला. मग स्पीकर-टेस्ट चालवलं आणि त्यातली बाई म्हणाली 'फ्रंट लेफ्ट', मला तर भरून आलं.

आता झालं म्हणून झोपलो. साडेपाचला काही नाही. बाबा पलंगावर बसून माझ्याकडे पाहून राहिले.

आता हे ऐका. मॉनिटरसमोर बसून बाबांच्या यूझरनं लॉगिन केलं की वाजते. त्याच यूझरनं लॅपटॉपवरून एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन, केलं की एप्ले म्हणते 'नो साउंडकार्ड्स फाउंड', मशीनमध्ये कार्डच नाही म्हणे, आणि सुडो (मशीनच्या मालकाचा, म्हणजे रूटचा, अधिकार) लावलं की कार्ड परत हजर. भुताटकी नाही, परवानगीचा मामला आहे. मशीनसमोर जो बसलाय त्याला सिस्टमडी (मशीन सांभाळणारी सेवा) देव एसएनडीवर, म्हणजे साउंड कार्डाच्या फाइलींवर, हात लावू देते, दुरून आलेल्याला किंवा क्रॉनला नाही, त्यांचा यूझर ऑडिओ ग्रुपमध्ये पाहिजे. माझा यूझर इन्स्टॉल करतानाच त्या ग्रुपात गेला होता, बाबांचा मी नंतर हातानं बनवला. पण परवानगी नाही तर तसं म्हण ना बे, कार्डच नाही असं खोटं काऊन बोलते? आणि लोक सांगतात सुडो लावून चालव. भूपाळीसाठी रूट!

क्रॉननं तर कहर केला. त्यानं एरर नोंदवली असेल म्हणून लॉग पाहिला, तर तिथे लिहिलेलं की मेल पाठवायला काही नाही, सबब आउटपुट फेकून दिलं. प्रामाणिकपणाचं एवढंच उदाहरण मिळालं मला तीन दिवसांत.

युझरमॉड कमांडनं बाबांच्या यूझरला ऑडिओ ग्रुप दिला, आणि काल बरोबर साडेपाचला भूपाळी सुरू झाली. फक्त शोधाशोधीत मी मास्टर शंभरवर नेऊन ठेवला होता ते विसरलो. वरच्या भाडेकरूंचा लाइट लागला, गल्लीतले कुत्रे उठले, बाबा ओरडले, "अबे हळू कर, लोक झोपले आहेत!" धावत जाऊन चाळीसवर आणला आणि अल्साकंट्रोलनं स्टोअर मारलं, रीबूटनंतरही तसंच राहायला पाहिजे म्हणून.

आज सकाळी चाळीसवर वाजली. बाबा म्हणे, काही ऐकू नाही आलं, कूलर चालू होता ना.