‘कुठलंही वायफाय कार्ड चालतं’ हे खरं नाही

‘लॅपटॉपचं वायफाय स्लो आहे? मागचं झाकण उघडा, इंटेलचं कुठलंही एम.२ कार्ड टाका, काम झालं’ असा मेसेज सध्या फिरतोय. (एम.२ म्हणजे लॅपटॉपच्या आतला छोटा, चपटा स्लॉट.) अर्धाच खरा आहे.

इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२१० ही वायफाय कार्डं शेजारी ठेवलीत तर जुळी भावंडं वाटतील. दोन्ही २२ बाय ३० मिलिमीटरची. पण एएक्स२०१ हे अर्धवट कार्ड आहे. त्याचं उरलेलं काम इंटेलच्याच चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांमध्ये होतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये ते नीट बसतं, फक्त चालत नाही. एएक्स२११ चंही तेच. एएमडीवाल्यांनी एएक्स२१० घ्यावं. त्याच्या वायफायला एम.२ स्लॉटमधलं साधं पीसीआय एक्सप्रेस कनेक्शन पुरतं, इंटेलचा चिपसेट लागत नाही. काही जुन्या लॅपटॉपचा बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) मात्र कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही. आणि बऱ्याच पातळ मॉडेलांत कार्ड बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, तिथे विषयच संपला.

अँटेनाच्या वायरी जपून. ते इवलेसे पितळी टोक नखाने सरळ वर उचलायचं, वायर धरून ओढायचं नाही. परत लावताना बारीक ‘टक’ जाणवायला हवं. आणि झाकण उघडल्यावर, कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचं कनेक्शन काढा, हे मेसेजवाला सांगायला विसरलाय.