प्रतिक्रियेला उत्तर: कंट्रोल ए दाबल्यावर नेमकं काय व्हावं?

सर, एकच शॉर्टकट सगळ्या सॉफ्टवेअरमधे एकच काम करावा, या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप असा की मी सगळी सॉफ्टवेअरं एकाच साच्यातून काढायला निघालोय, माणसाला कशाचीही सवय होते, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे अकाउंटंट बघा, माउसला हात न लावता धडाधड व्हाउचर (म्हणजे व्यवहारांच्या नोंदी) मारतात.

मारतात की! एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, बोटांनाच पाठ असतं ते. पण तोच माणूस तिथून उठून वर्डमधे पत्र टाइप करायला बसतो तेव्हा काय होतं? टॅलीत कंट्रोल ए म्हणजे एंट्री सेव्ह, वर्डमधे तेच दाबलं की सगळं सिलेक्ट, आणि सवयीने वर एंटर मारलं की दोन पानी पत्र गायब. कंट्रोल झेडने येतं परत, पण तोवर घाम फुटलेला असतो. यात चूक कुणा एकाची नाही, टॅली आणि वर्ड दोघंही आपापल्या घरात बरोबरच आहेत.

हे दुखणं जुनंच. विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात, वर्डपरफेक्ट या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमधे एफ१ म्हणजे कॅन्सल होतं, हेल्प एफ३ वर. आयबीएमने १९८७ मधे सगळ्यांसाठी नियम काढले, एफ१ हेल्प, ऑल्ट एफ४ ने खिडकी बंद, ते आजही चालतं. कॉपीसाठी मात्र त्यांचं कंट्रोल इन्सर्ट होतं, ते मागे पडलं आणि ॲपलची झेड-एक्स-सी-व्ही (अनडू, कट, कॉपी, पेस्ट) ही रांग जिंकली.

आता तुमचा एक मुद्दा मान्य, आणि तो माझ्या लेखात नीट आला नव्हता. लिनक्सच्या टर्मिनलमधे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कंट्रोल सी चालू प्रोग्रॅम थांबवतं, म्हणून कॉपीला मधे शिफ्ट घालावं लागतं. तिथे सारखेपणाचा हट्ट धरून ते बदललं तर लोक शिव्याच घालतील (मॅकवाले सुटले, त्यांची कमांड की वेगळी). तसंच विंडोजमधे ओके डावीकडे, कॅन्सल उजवीकडे, मॅकवर उलटं. आपलं ॲप दोन्हीकडे हुबेहूब ठेवण्यापेक्षा जिथलं तिथलं पाळावं.

मग टॅलीचं कंट्रोल ए बदलायला लावणार का, असं विचारलंत. अजिबात नाही. पण उद्या कुणी नवीन बिलिंग सॉफ्टवेअर करायला घेतलं तर गिऱ्हाईक टॅलीतून येणारंय की एक्सेलमधून, हे आधी विचारून घ्यावं. मला करायचं असतं तर मी टॅलीवाल्यांचंच ऐकलं असतं, बिलं तेच फाडणार ना!