जठर कापलंय, गर्भाशय नाही

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘खरं आहे का गं हे?’ तिच्या लेकीची स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करायची शस्त्रक्रिया, होऊन पाचच महिने झालेत. मेसेज म्हणतो: पोट कापलेल्या बाईला दिवस जात नाहीत, गेलेच तर बाळ व्यंग घेऊन येतं, आणि गरोदरपणात साखर चढते. वर ‘प्रत्येक मुलीच्या आईला पाठवा’ हा आगाऊपणा.

मराठीत जेवणही पोटात जातं आणि मूलही पोटातच असतं, त्याचा हा सगळा घोळ. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. गर्भाशयाला कुणी हातही लावत नाही. उलट पीसीओडीमुळे जिची पाळी चार-चार महिने येत नव्हती, तिची वजन उतरायला लागलं की बरेचदा सुरळीत होते. भाचीची तिसऱ्याच महिन्यात आली. म्हणूनच हा मेसेज नुसता खुळचट नाही, घातक आहे. ‘दिवस जाणारच नाहीत’ म्हणून पोरी निर्धास्त राहतात आणि नको त्या वेळी दिवस जातात. वजन झपाट्याने उतरत असताना आईच्याच अंगात काही साठत नसतं, तिथे बाळाला काय मिळणार? म्हणून तर १२ ते २४ महिने थांबायला सांगतात. त्यातून स्लीव्हऐवजी बायपास (हृदयाची नव्हे; जठर लहान करून अन्न थेट आतड्याच्या पुढच्या भागात सोडायची) झालेली असेल तर गर्भनिरोधक गोळी अंगात नीट शोषली जाईल याचा भरवसा नाही. तांबी बसवायची की आणखी काही, ते डॉक्टरांना आधीच विचारायचं.

उरलेल्या दोन्ही मुद्द्यांना एकच उत्तर पुरे. २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वीडनचा अभ्यास आला. सर्जरीनंतरची ५९६ गरोदरपणं, आणि तुलनेला सर्जरी न केलेल्या, पण यांच्या सर्जरीआधीच्या वजनाएवढ्याच वजनाच्या बायका. व्यंगांत लक्षणीय फरक नाही. गरोदरपणातला मधुमेह १.९ टक्के, दुसरीकडे ६.८.

एक मात्र मान्य करावं लागेल, आणि ते त्या मेसेजवाल्याला सापडलेलंच नाही: दिवसांच्या मानाने लहान भरणारी बाळं १५.६ टक्के होती, तुलनेत ७.६. तेव्हा लोह, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम यांत टंगळमंगळ नको. आणि साखरेच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पुढे केलं, तर पिण्याआधी सर्जरीचं सांगायचं. बायपासवाल्यांना त्याने दरदरून घाम फुटतो, धडधडतं. त्याऐवजी आठवडाभर घरी बोट टोचून साखर बघता येते.

हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, पण विहीणबाईंनाही आलाय तो!’ म्हणून लिहून काढलं. ताई, त्यांना हेच पाठव.