निळूभाऊ ‘फक्त पाटील’? एका फॉरवर्डला उत्तर

निळू फुल्यांच्या फोटोखाली सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: ‘बाई, वाड्यावर या’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला संवाद, आयुष्यभर त्यांनी एकच पाटील रंगवला, मुळात खेड्यातला माणूस, त्यामुळे अभिनय असा करावाच लागला नाही, आणि हिंदीत हाती लागल्या त्या गड्याच्या भूमिका. चार वाक्यं, त्यात जेमतेम अर्धं खरं.

‘खेड्यातला माणूस’ इथूनच सुरुवात करू. निळूभाऊ पुण्याचे. जन्म पुण्यातला, 13 जुलै 2009 ला गेले तेही पुण्यातच. तरुणपणी वानवडीच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, ते माळी होते. पाटलाचा तो हेल जन्मजात नव्हता, कमावलेला होता. कमावला कुठे, तर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात आणि मग लोकनाट्यात. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं. तमाशात गण-गवळण (सुरुवातीची वंदना आणि कृष्ण-गवळणींचा भाग) आटोपली की बतावणी, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद, येते, आणि नटाची खरी परीक्षा तिथेच. वाक्य अर्धवट सोडायचं, समोरच्याला उचलू द्यायचं आणि हशा ओसरू लागला की पुढचा शब्द टाकायचा. जरा घाई झाली तर शब्द हशात बुडतो, उशीर झाला तर प्रयोग पडतो. ही नाडी हाताला लागल्यावर ते अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त (1968) कॅमेऱ्यापुढे आले. याला ‘अभिनय करावाच लागला नाही’ म्हणणारा बतावणीत दोन मिनिटं उभा राहून दाखवेल का?

आता ते वाक्य. पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: सिनेमा कुठला, साल कुठलं, समोर नटी कोण? उत्तर बहुधा ‘अहो, सगळ्यांना माहितीये’ असंच येतं. हे वाक्य घरोघरी पोचवलं ते मिमिक्रीवाल्यांनी. मान तिरकी, डोळे बारीक, ‘बाई’तला ‘बा’ हवा तेवढा ताणलेला. नक्कल म्हणून झकास! पण नक्कल ताणते, आणि निळूभाऊ बरोबर उलटं करत. आवाज खाली, चेहरा जवळजवळ स्थिर, वाक्याचा शेवट हलकेच सोडून दिलेला.

पुरावा हवा तर ‘सामना’ (1975) बघा. हिंदुराव धोंडे-पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर गावात उपटतो, तर हा त्याला हाकलत नाही. घरी ठेवून घेतो, पाजतो, अदबीनं बोलतो. भीती वाटते ती त्या अदबीची. मास्तर पुन्हा पुन्हा गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचा विषय काढतो आणि ते यजमानपण हळूहळू उसवत जातं. शेवटी ढासळतो तो हा पाटीलच. बाईमागे लागलेला पाटील आणि सहकाराच्या जोरावर गाव खिशात घातलेला पाटील, हे दोन एकच वाटत असतील तर दोष बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

आणि पाटील नसलेल्यांचं काय? तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (1972) नाटकात निळूभाऊंनी केलेला सखाराम जातीनं ब्राह्मण, धंद्यानं पुस्तकं बांधणारा, मृदंग वाजवणारा, टाकलेल्या बायका घरी आणणारा. त्याच्या वाट्याला ना वाडा, ना सत्ता. रंगमंचावर ना क्लोजअप, ना रीटेक; माणूस पूर्ण उभा करावा लागतो. ‘सिंहासन’मधला (1979) दिगू तर खलनायक नव्हेच. तो वार्ताहर आहे. मंत्र्यांच्या चाली बघतो, ऐकतो आणि अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो. जवळजवळ पूर्ण सिनेमाभर ऐकण्याचा अभिनय. तो बोलण्याच्या अभिनयाहून अवघड, कारण लपायला संवादच नसतात.

राहिला हिंदीचा मुद्दा. तिथे त्यांना मराठीइतकं मोकळं रान मिळालं नाही, हे खरं. पण ‘सारांश’ (1984) मधला गजानन चित्रे कुणाचा गडी होता? मुलाचं लफडं निस्तरण्यासाठी एका निवृत्त मास्तराचं जगणं मुश्किल करणारा तो मुंबईचा पुढारी. तिथे वाडा नाही, बाई नाही, आणि तरी माणूस ओळखू येतो.